चालवाची नाही, चालू कराची

देवराव तायडे यांनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा नमस्कार केला नाही की नाव विचारलं नाही. मी बदली होऊन रिसोडला आलो तो दिवस. सामानाचा टेम्पो दारात उभा होता आणि मी गादीची वळकटी खांद्यावर घेऊन धडपडत होतो. शेजारच्या फाटकातून खाकी पँट घातलेला एक उंच, वाळकासा म्हातारा बाहेर आला. त्याने मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, माझ्याभोवती एक फेरी मारून पाठीमागूनही पाहून घेतलं आणि म्हणाला, "तुमी सोपे हा. दोघांत उचलल्या जासान."

मला वाटलं, लोखंडी कपाटाबद्दल बोलतोय. मी म्हणालो, "कपाटाला तीन माणसं लागतील."

"कपाटाचं कोन म्हनते. तुमाले."

मग ते माझ्या बायकोकडे वळले. सुनीता हातात कुकर घेऊन पायरीवर उभी होती. "वहिनीबी दोघांतच. पण तुमच्या जिन्याले वळण हाये. तिथी पायाकडचा माणूस दमाचा पाह्यजे." एवढं सांगून ते आपल्या फाटकात शिरले. सुनीता त्या कुकरसकट बराच वेळ तिथेच उभी होती. संध्याकाळी तिने मला विचारलं, "आपण इथंच राहायचं ठरवलंय का नक्की?"

नंतर कळलं. देवराव तालुक्याच्या दवाखान्यात अँब्युलन्सचे ड्रायव्हर होते. सगळी नोकरी त्यांनी माणसं उचलण्यात आणि पोचवण्यात घालवली होती. त्यामुळे निवृत्त झाल्यावरही त्यांना माणूस भेटला की आधी त्याचं वजन दिसायचं, मग तो घरातून बाहेर कसा काढायचा ते दिसायचं, आणि चेहरा वगैरे सवडीने. एका लग्नाच्या पंगतीत ते आमच्या मुख्याध्यापकांच्या समोर बसले होते. वरण-भात संपेपर्यंत गप्प होते. जिलबी आल्यावर म्हणाले, "सर, तुमी चौघांचे. अन् तुमच्या घरचा दरवाजा अरुंद. एक तं तुमी कमी व्हा, नाही तं दरवाजा वाढवा." मुख्याध्यापकांच्या तोंडाशी गेलेली जिलबी ताटात परत आली. पण दिवाळीच्या सुट्टीत सरांनी गवंडी लावून दरवाजा रुंद करून घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरं त्यांचं वेड म्हणजे तोंड. कुठलीही गाडी उभी केली की तिचं तोंड रस्त्याकडे पाहिजे. त्यांची स्वतःची सायकल तशी असायचीच, पण माझी स्कूटरही मी रात्री कशीही लावली तरी सकाळी वळवून ठेवलेली असायची. बाहेर काढलेल्या चपलासुद्धा. एकदा गल्लीत बारसं होतं. जेवणं उरकून पाहुणे बाहेर आले तर सगळ्यांच्या मोटारसायकली रांगेत, रस्त्याकडे तोंड करून उभ्या, आणि देवराव शेवटची वळवताहेत. एका पाहुण्याला वाटलं, गाडी चोरीला चाललीये. त्याने जाऊन मनगट धरलं. देवराव त्याला म्हणाले, "येताना कोनालेच घाई नसते, भाऊ. जाताना असते." पाहुण्याने मनगट सोडलं. तो बाळाचा मामा होता, आणि त्यानंतर तो बाळाकडे फार वेळ बघत उभा राहिला.

फोनवर ते 'हॅलो' म्हणत नसत. उचलला की पहिला शब्द, "पत्ता सांगा." बँकेतून आला, कुणाच्या लग्नाचं आमंत्रण आलं, पुण्याहून मुलाचा, मिलिंदचा आला, तरी "पत्ता सांगा." मिलिंद बिचारा इमानेइतबारे पत्ता सांगायचा आणि मग बोलायला लागायचा.

हे सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, असा शेजार म्हणजे शिक्षा. आम्हालाही पहिले काही महिने तसंच वाटलं. मग एकदा पहाटे सुनीताच्या पोटात कळ आली. मुतखडा होता, पण तेव्हा कुठे ठाऊक. मी चप्पल शोधत होतो तेवढ्यात देवराव दारात उभे. पूर्ण कपड्यांत, बूट घातलेले. ते तसेच झोपायचे, हे मला त्या दिवशी कळलं. मी डोक्याकडून, त्यांनी पायाकडून धरलं, आणि जिन्याच्या त्या वळणावर ते भिंतीला पाठ लावून असे काही फिरले की सुनीताला हिसकासुद्धा बसला नाही. ऑटोत बसताना कळवळत ती म्हणाली, "दोघांतच झालं की हो." तेव्हापासून आमच्या घरात त्यांचा चहा ठरलेला.

आता ते पुण्याला असतात. त्यांच्या घरात नवे भाडेकरू आलेत आणि मागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांची पिठाची गिरणी बसली आहे. त्या शेडमध्ये आधी जे होतं, त्याबद्दल सांगायचं आहे.

तिथे गाडी होती. देवराव ज्या अँब्युलन्सवर होते, तीच. जुनी होऊन मोडीत निघाली तेव्हा लिलावात त्यांनीच ती घेतली आणि ट्रॅक्टरला दोर बांधून घरी ओढत आणली. गल्लीने विचारलं, कायले? ते म्हणाले, पत्र्यासाठी. पण दहा-बारा वर्षांत त्यांनी त्या गाडीचा एक पत्राही काढला नव्हता. चाकं मातीत रुतली होती. पांढरा रंग पिवळा पडला होता. दोडक्याचा वेल बंपरवरून चढून टपावर गेला होता आणि दरवर्षी त्याला चांगले दोडके येत. सुनीता टपावरचे दोडके काढायला स्टूल घेऊन जायची. मागच्या दाराच्या काचेतून आत स्ट्रेचर दिसायचं. ते बघायचं नाही असं ती ठरवून जायची आणि दर वेळी बघायचीच.

पोळ्याच्या आसपास मिलिंदचा फोन आला. मी तिथेच बसलो होतो. नेहमीप्रमाणे पत्ता झाल्यावर तो म्हणाला, बाबा, आता एकट्याने राहायचं पुरे, दसरा झाला की मी न्यायला येतो. घर भाड्याने देऊ. आणि त्या डब्यासाठी भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.

मला वाटलं, म्हातारा आता भडकणार. ते म्हणाले, "बरं." फोन ठेवला. समोरच्या भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी त्यांच्या बायकोचा, कमलबाईंचा फोटो होता. मी रिसोडला येण्याच्या कितीतरी आधी त्या गेलेल्या. देवरावांनी उठून तो फोटो सरळ केला. तो आधीही सरळच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत असताना ते कुंपणापाशी आले. "जयभीम, सर. गाडी चालू कराची हाये."

मी तोंडातला फेस गिळला. "कुठे जायचंय?"

"कुठीच नाही. चालवाची नाही. चालू कराची."

"म्हणजे?"

"म्हंजे इंजन चालू झालं पाह्यजे. दसऱ्याच्या आंधी."

याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही. मी सुनीताला सांगितलं. ती म्हणाली, "वयाचा परिणाम असेल." मी मिलिंदला फोन केला. तो म्हणाला, "करू द्या, सर. तेवढंच मन रमेल."

रफीक मिस्त्री बसस्टँडमागे गॅरेज चालवतो. त्याला देवरावांनी हाताला धरून आणलं. त्याने बॉनेट उघडलं आणि दोन पावलं मागे सरला. इंजिनावर उंदराचं मोठं घरटं होतं, आणि ते गाडीतल्याच कापसाचं आणि बँडेजपट्ट्यांचं केलेलं होतं. आत लालबुंद पिल्लं वळवळत होती. एअर फिल्टरचं झाकण काढलं तर त्यातून सापाची अखंड कात निघाली.

"साप कुठंय?" मी विचारलं.

"जेवून गेला असन," देवराव म्हणाले.

पिल्लं त्यांनी हळूच एका फुटक्या कुंडीत ठेवली आणि कुंडी कुंपणाच्या आडोशाला नेली. आमच्या बाजूच्या. सुनीताला मी हे अजून सांगितलेलं नाही.

रफीकने मोठा पाना लावून इंजिन हाताने फिरवून पाहिलं. ढिम्म. तो पाना पुसत म्हणाला, "काका, इसमें जान नही बची. इंजन जाम हाये. भंगारवाल्याले फोन करा, मले नका करू."

देवराव त्याच्याकडे अशा नजरेने बघत राहिले की तो आपल्या पोटाकडे बघायला लागला. "रफीक, तुह्या अब्बाले मी याच गाडीत नेलं होतं. तेबी जाम झाले होते. आता दोन टाइम जेवतात ना?"

रफीकने पाना पुन्हा उचलला. डिझेल फवारणारी वरची नोझलं काढून त्या भोकांतून आत तेल सोडलं. आता ते तेल मुरू द्यायचं, रोज थोडं टाकायचं आणि पाना लावून बघायचं, असं ठरलं. मग देवराव रोज सकाळी चहाआधी पाना लावत. लावत, जोर देत, थांबत, कान देत, पाना पुसून ठेवत. टाकीतलं जुनं डिझेल काढलं तर ते काकवीसारखं घट्ट झालं होतं आणि त्याचा असा भपकारा सुटला की गल्लीतली कुत्री दुसऱ्या टोकाला निघून गेली. टाकी धुतली. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी जोडल्या. आणि ते पाना लावतच राहिले.

एका दुपारी मी नववीच्या वर्गावर गणित घेत होतो. शिपाई धावत आला, म्हणाला, सर, तुमच्या घरून तातडीचा फोन आहे, शेजारी बोलताहेत. माझ्या हातातला खडू खाली पडला. सुनीताच्या खड्यापासून सगळं डोळ्यांसमोर आलं. मी ऑफिसात पळत गेलो, फोन कानाला लावला.

"सर," देवराव म्हणाले. "हललं."

मी फोन ठेवला. वर्गात परत गेलो तर पोरं उभी राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "काही नाही, बसा, एक इंजिन हललं." त्यांची चिंता आणखी वाढली.

मग तो रविवार आला. रफीक नवी बॅटरी घेऊन आला. बातमी गल्लीभर झाली होती, त्यामुळे माणसं जमली. देवरावांनी आधी सगळ्यांच्या मोटारसायकली वळवून घेतल्या. डिझेलच्या नळीतली हवा काढून झाली. रफीकने बॅटरीची वायर जोडली, आणि इंजिनाच्या आधी सायरन चालू झाला.

इतक्या वर्षांनी तो आवाज त्या गल्लीत घुमला आणि जो तो जागच्या जागी थिजला. समोरच्या घरातल्या आजी पदर सावरत बाहेर आल्या आणि विचारू लागल्या, "कोनाले नेऊन राह्यले बाप्पा?" कोणी काही सांगेना, म्हणून त्या आपल्या म्हाताऱ्याला बघायला परत आत पळाल्या. रफीक वायरी उपटत सुटला. सायरन बंद झाला.

मग सेल्फ मारला. इंजिन कण्हलं. पुन्हा मारला, पांढरा धूर आला. तिसऱ्यांदा त्याने उचकी दिली, आणखी एक दिली, आणि धरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. देवराव वाकून, कान पुढे करून उभे होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

कारण आवाज वाढत होता. रफीकने ॲक्सिलरेटरवर पायही ठेवला नव्हता आणि इंजिन आपल्या मनाने रेस घेत होतं. वाढत वाढत तो आवाज किंचाळीवर गेला. रफीकने चावी फिरवली, काही फरक नाही. इंजिन बंद करायची केबल ओढली, तर ती गंजलेली केबल मुठीसकट त्याच्या हातात आली. त्याने हातातल्या मुठीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं आणि सीटवरून खाली उडी टाकली. "भागो, फट जाईन इंजन."

गल्ली रिकामी व्हायला वेळ लागला नाही. सगळ्या गाड्यांची तोंडं रस्त्याकडेच होती. शेडचे टीन थडथडत होते, वेलाचे दोडके टपावरून गळून पडत होते, धुरात काही दिसत नव्हतं. मी कुंपणाला पाठ लावून उभा होतो. तेवढ्यात देवराव माझ्या समोरून गेले. धावत नाही, चालत. ते आमच्या मागच्या दाराने थेट स्वयंपाकघरात गेले.

पुढचं सुनीता सांगते. ती पोळी लाटत होती. ते आत आले, "माफ करा वहिनी" म्हणाले, तिच्या हातातलं लाटणं तिच्याच हातात राहू दिलं आणि पोळपाट उचलून घेऊन गेले. अर्धवट लाटलेल्या पोळीसकट.

त्यांनी तो पोळपाट इंजिनात हवा जाते त्या पाइपाच्या तोंडावर दाबून धरला. दोन्ही हातांनी, छाती लावून. इंजिनाने तो पाइपाशी खेचून धरला, ते घुसमटलं, थरथरलं, दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

धुरातून देवराव पोळपाट घेऊन बाहेर आले. चेहरा काळा, भुवयांवर पीठ. दारात सुनीता लाटणं धरून उभी होती. त्यांनी पोळपाट तिच्या हातात दिला. त्यावर गोल काळा छाप उमटला होता.

"वहिनी, पोळी इंजनात गेली," ते म्हणाले.

सुनीताला एवढा धक्का बसला होता की ती म्हणाली, "असू द्या, दुसरी करते."

त्यानंतर रफीक गॅरेजमध्येही सापडेना. सापडला तेव्हा म्हणाला, डिझेल पंपाची आतली दांडी एका जागी चिकटून बसली होती म्हणून इंजिनाला भरमसाट डिझेल मिळत गेलं, आणि आता आपण त्या गाडीला हात लावणार नाही. देवराव त्याच्या गॅरेजसमोर जाऊन बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाला फक्त किती माणसांत उचलता येईल ते सांगत राहिले. दुपारपर्यंत रफीक हत्यारं घेऊन आला.

त्याने पंप खोलला, दांडी मोकळी केली, नवी केबल टाकली, पाइपातून भाजलेली पोळी काढली. दुसऱ्या वेळी बघायला कोणी आलं नाही. शुक्रवारची दुपार होती. सुनीताने जुना पोळपाट धुऊन माझ्या हाती दिला होता आणि स्वतः कडी लावून आत बसली होती. सेल्फ मारला. धूर आला, उचकी आली, इंजिनाने धरलं, आणि या वेळी ते एका लयीत घुमत राहिलं. रफीक थोडा वेळ ऐकत थांबला. मग म्हणाला, "मस्त चलरा. मी नमाजले जाऊन येतो, काका," आणि गेला.

मी वाट बघत होतो की देवराव आता ड्रायव्हरच्या सीटवर बसतील. ते म्हणाले, "सर, तुमी बसा समोर."

"मला ही चालवता येत नाही, भाऊ."

"चालवाची नाही म्हनलं ना."

मी पोळपाट बाजूला ठेवून स्टिअरिंगमागे बसलो. पाठीमागे पत्र्याची आडभिंत होती आणि तिच्यात हातभर रुंदीची सरकती काच. ती बोटभर उघडी होती आणि तशीच अडकलेली होती. देवराव खिडकीशी उभे राहून त्या काचेकडे बघत होते.

"कमलले याच गाडीत अकोल्याले नेलं मी," ते म्हणाले. "ड्यूटी माहीच होती. दुसरा ड्रायव्हर बोलवाले टाइम नव्हता. तिच्यासंग मांगं तिची बहीण बसली होती, हात धरून. थे जन्माची बहिरी. आता तेबी नाही राह्यली."

इंजिन चालू होतं. त्यांना थोडं पुढे वाकून बोलावं लागत होतं.

"कमल मांगून इचारे, कुठी आलो. मी इथून सांगे. मालेगाव आलं. मंग पुन्हा इचारे, कुठी आलो. एकच गोष्ट दोन-दोनदा इचारे. मले वाटे, ऐकू गेलं नसन. का दुखण्यात इसरत असन. मेडशीपर्यंत इचारलं. मेडशीच्या समोर नाही इचारलं."

माझे हात स्टिअरिंगवरच होते.

"मी तरी सांगत गेलो. घाट लागला म्हनलं. पातूर आलं म्हनलं. घाबरू नको, अकोला आलं म्हनलं. दवाखान्यात गाडी लावून मांगचं दार उघडलं, तं झालं होतं सारं." त्यांनी खिशातून फडकं काढलं आणि आरशावरची धूळ पुसली. "इंजनाच्या आवाजात समोरचं बोलनं मांगं जाते का नाही, थे मले कधी समजलं नाही. मांगं मी कधी बसलोच नाही. थोड्या दिवसांत गाडी बंद पडली, मोडीत निघाली. घरी आणली. पण चालू कराची हिंमत नव्हती होत. नाही ऐकू येत असं निघालं असतं तं मंग?"

"आणि आता?"

"आता पुन्याले चाललो. गाडी भंगारात जाईन. मंग कोनाले इचारू?"

मग फडकं खिशात ठेवत ते म्हणाले, "तुमी मास्तर हा. तुमचा आवाज एका पट्टीत राह्यते. रफीक चिल्लावते. ओरडू नका. मी ओरडलो नव्हतो. घरात बोलते माणूस, तसं बोला. मांगं पाहू नका. समोर पाहून बोला."

ते मागे गेले. दार उघडल्याचा आणि लागल्याचा आवाज आला. गाडी एका बाजूला किंचित दबली आणि स्ट्रेचर कुरकुरलं.

मी समोर पाहिलं. समोर शेडचा टीन होता, त्यावर वेलाची सावली होती. मी म्हणालो, "मालेगाव आलं."

मागून काही उत्तर नाही. ते देणार नव्हतेच, हे मला ठाऊक होतं, तरी मी थांबलो. इंजिन घुमत होतं. रिसोडहून अकोल्याला मी कितीदा तरी गेलो आहे. त्या रस्त्यावर मालेगावनंतर मेडशी यायला किती वेळ लागतो, तो मला इतका लांब कधी वाटला नव्हता.

"मेडशी आलं."

मी टिनावरच्या सावलीकडेच बघत होतो.

"घाट लागला."

"पातूर आलं." हे म्हणताना माझा आवाज बसला. पुन्हा म्हणावं का, कळेना. ते पुन्हा म्हणाले नसतील, म्हणून मीही म्हटलं नाही.

"घाबरू नको. अकोला आलं."

कोणी हाक मारली नाही. मी खाली उतरलो आणि मागे जाऊन दार उघडलं.

देवराव स्ट्रेचरवर उताणे पडले होते. हात छातीवर, पाय बुटांसकट सरळ. डोळे उघडे, टपाकडे लागलेले. मला पाहून त्यांनी मान वळवली नाही.

"पातूर तुमी हळू म्हनलं," ते म्हणाले.

"हो. आवाज बसला."

"आलं ऐकू."

मी मान हलवली. इंजिन बंद करायला पुढे निघालो, तर त्यांनी छातीवरचा एक हात उचलला.

"राहू द्या चालू, सर. थोडा वेळ."

मी दार हळूच लोटून घेतलं आणि बाहेर शेडच्या सावलीत बसून राहिलो.